आपत्काळ, नगरपालिका आणि वाचनालय

साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष ग्रंथाकडे असते, ग्रंथकाराकडे असते, फार तर वाचकाकडे असते. वाचक ज्या खोलीत बसून वाचतो त्या खोलीच्या दिव्याचे बिल आणि तेथील ग्रंथपालाचे वेतन कोण भरते, या प्रश्नाकडे ते सहसा वळत नाही. ज्या शाळेत त्या वाचकाला आपल्या भाषेची अक्षरओळख झाली, तिचे छप्पर कोणाच्या पैशाने शाकारले गेले, हेही त्याला साहित्याच्या कक्षेबाहेरचे वाटते. वस्तुतः ही कक्षा इतकी लहान मानण्याचे कारण नाही. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी संविधानास जी अकरावी अनुसूची जोडली, तिच्यातील पंचायतींच्या एकोणतीस विषयांत प्राथमिक व माध्यमिक शिक्षण आहे, ग्रंथालये आहेत आणि सांस्कृतिक कार्यही आहे. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीतील अठरा विषयांत सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक गोष्टींना उत्तेजन देणे हे एक कर्तव्य सांगितले आहे. मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते. एका नगराच्या अर्थसंकल्पातून इतक्या भाषांचे वाचक घडत असतील, तर तो अर्थसंकल्प भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने वाचावयास हवा; आणि तो विशेषतः संकटाच्या वर्षी वाचावयास हवा.

सुबत्तेच्या वर्षी सर्वच खात्यांना काही ना काही मिळते. कोणाला आधी द्यावयाचे आणि कोणाला थांबवावयाचे, हा निर्णय टंचाईच्या वर्षी घ्यावा लागतो, व म्हणूनच संस्थेची खरी मूल्यव्यवस्था त्या वर्षी दिसून येते. जोतीराव फुले हे १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ याच काळातला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला, तेव्हा ही रक्कम गरिबांच्या शिक्षणाकडे लावावी असे म्हणून विरोधी मत देणारे जोतीराव एकटेच होते. या प्रसंगाचे स्मरण बहुधा त्यांच्या निर्भयतेचे उदाहरण म्हणून केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात स्थानिक अर्थकारणाचेही एक तत्त्व सामावले आहे. रक्कम लहान असली तरी ती कोणत्या सदराखाली पडते हा प्रश्न लहान नसतो.

संकटकाळासाठी नियम आधीच ठरवून ठेवावा, ही कल्पना या देशाच्या महसुली व्यवहारास अपरिचित नाही. त्याच दुष्काळानंतर १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि पुढे दुष्काळ संहिता तयार झाल्या. पीक किती आण्यांचे आले यावरून शेतसाऱ्याची तहकुबी वा सूट ठरविण्याची रीत मराठी मुलुखात रुजली. आणेवारी हा शब्द आणे गेल्यावरही टिकला आणि पुढे पैसेवारी झाला. कोणाची दया येण्याची वाट पाहावी लागू नये, पिकाचा अंदाज ठरावीक मर्यादेखाली गेला की सवलत आपोआप लागू व्हावी, हे या रीतीमागील तत्त्व होते. तिच्या अंमलबजावणीत अन्याय नव्हता असे नाही. परंतु निकष लिखित होता आणि त्यावर भांडता येत होते. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने एक पाऊल पुढे टाकले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने बांधली गेली आणि १९७९ पासून तो अमलात आला. १९७५ च्या कायद्याने बसविलेला व्यवसायकर तिच्यासाठी होता, आणि त्याच्या उत्पन्नाइतकीच भर राज्याने घालावयाची होती. दुष्काळ पडल्यावर पैसा शोधत हिंडण्यापेक्षा दुष्काळ नसताना तो बाजूला काढून ठेवावा, असा त्यातील विचार होता.

खेदाची गोष्ट ही, की नगरपालिका, महानगरपालिका आणि जिल्हा परिषदा यांच्या स्वतःच्या अर्थव्यवहारास अशी कोणतीही आणेवारी नाही. उत्पन्न अमुक इतके घसरल्यास कोणता खर्च थांबवावा, कोणता थांबवू नये, थांबविलेला खर्च पुन्हा केव्हा सुरू करावा, यांविषयी लिखित नियम बहुधा आढळत नाही. जे होते ते त्या त्या वेळच्या सोयीने होते.

सोय म्हणजे काय हे समजण्यासाठी उत्पन्नाची साधने पाहावयास हवीत. महाराष्ट्रातील नगरांचा मुख्य आधार दीर्घकाळ जकात हा होता. नगराच्या सीमेवर मालाची गाडी अडवून घेतला जाणारा हा कर व्यापाऱ्यांना जाचक होता, त्यात भ्रष्टाचारास वाव होता, आणि अर्थशास्त्रज्ञांनी त्याची निंदा पिढ्यान्‌पिढ्या केली. परंतु त्यात दोन गुण होते. पैसा रोजच्या रोज हाती येत असे आणि तो नगराचा स्वतःचा असे. नगरपालिकांच्या क्षेत्रातील जकात १९९९ मध्ये गेली. महानगरपालिकांत तिची जागा २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कराने घेतली. तो करही ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला. मुंबईची जकात वस्तू व सेवा कर येईपर्यंत, म्हणजे ३० जून २०१७ पर्यंत टिकली. त्यानंतर महाराष्ट्राने कायदा करून महानगरपालिकांना भरपाई देऊ केली आणि ती दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढेल अशी तरतूद केली.

येथे निष्पक्षपणे एक गोष्ट मान्य करावयास हवी. २०२० च्या टाळेबंदीत जकात चालू असती, तर नाक्यावर गाड्याच आल्या नसत्या आणि नगरांचे उत्पन्न एका रात्रीत कोसळले असते. त्या वर्षीच्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पादन सुमारे चोवीस टक्क्यांनी घटल्याचा पहिला अंदाज जाहीर झाला होता. अशा वेळी कायद्याने ठरलेली भरपाई ही जकातीपेक्षा अधिक स्थिर ठरली. परंतु या स्थैर्याचे मोल असे, की नगराच्या तिजोरीची किल्ली राज्याच्या तिजोरीत गेली. राज्यांना केंद्राकडून चौदा टक्के वाढीची हमी होती आणि तीही पाच वर्षांपुरतीच, म्हणजे जून २०२२ पर्यंत. वस्तू व सेवा करात स्थानिक संस्थांचा वाटा संविधानाने ठरवून दिलेला नाही. म्हणजे केंद्राने राज्याकडे पाहावयाचे, राज्याने नगराकडे पाहावयाचे, आणि नगराने वाट पाहावयाची, असा हा क्रम आहे. एकच आघात जेव्हा तिघांवर कोसळतो, तेव्हा उतरंडीतील सर्वांत खालच्या मडक्याला तडा जाण्याचा संभव अधिक.

मालमत्ता कर हा नगराचा उरलेला मोठा कर. त्याचा स्वभाव जकातीहून वेगळा आहे. घर वा दुकान जागचे हलत नाही, त्यामुळे मंदीतही कराची मागणी कागदावर तशीच राहते. घटते ती वसुली, आणि दोहोंमधील अंतर थकबाकीच्या रकान्यात जाऊन बसते. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत याचे विलक्षण प्रत्यंतर आले. पाचशे व हजारांच्या जुन्या नोटा स्थानिक संस्थांचे कर भरण्यास काही काळ चालत होत्या. परिणामी देशातील अनेक नगरांत वर्षानुवर्षांची थकबाकी भरण्यासाठी रांगा लागल्या. बाजार ठप्प झाला असताना नगरपालिकेचा भरणा वाढला. यावरून थकबाकी हे नेहमीच गरिबीचे लक्षण नसते, पुष्कळदा ते वसुलीच्या इच्छाशक्तीच्या अभावाचे लक्षण असते, असा निष्कर्ष काढता येतो. चार वर्षांनी याच्या नेमके उलट घडले. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. आर्थिक वर्ष संपावयास तेव्हा आठवडाभरच उरला होता, आणि मालमत्ता कराची वसुली तर वर्षाच्या अखेरीसच जोरात होते. मागणीपत्रके घरोघर पोहोचली होती. ती वसूल करणारे कर्मचारी मात्र सर्वेक्षण, निर्जंतुकीकरण आणि विलगीकरण यांच्या कामी जुंपले गेले. उत्पन्न आटले आणि खर्च वाढला, तेही एकाच आठवड्यात.

अशा वेळी संस्थेपुढे तीन मार्ग असतात. पहिला मार्ग कर्जाचा. १९१४ च्या स्थानिक प्राधिकरण कर्ज कायद्यापासून कर्जासाठी सरकारी परवानगी लागते, आणि रोखे बाजारात जाण्याची पत मोजक्याच नगरांना आहे. अहमदाबादने १९९८ मध्ये राज्याच्या हमीशिवाय शंभर कोटींचे रोखे काढले, पुण्याने २०१७ मध्ये दोनशे कोटींचे, आणि लखनौने महामारीच्याच वर्षी, २०२० मध्ये, दोनशे कोटींचे. ही उदाहरणे अभिमानाची खरी; परंतु जत्रेत ज्याच्या खिशात पैसे त्यालाच उधार मिळते, तसाच हा प्रकार आहे. दुसरा मार्ग अनुदानाचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२०-२१ साठी स्थानिक संस्थांना ९०,००० कोटी रुपयांची शिफारस केली होती. ही शिफारस महामारीपूर्वीची असल्यामुळेच उपयोगी पडली. परंतु त्यातील मोठा भाग पाणीपुरवठा व स्वच्छता यांस बांधलेला होता. तिसरा मार्ग पुढे ढकलण्याचा, आणि तोच सर्वाधिक वापरात आहे.

भारतीय नगरपालिका दिवाळखोर होत नाही. तशी कायद्यात सोयच नाही. तुटीचा अर्थसंकल्प मांडण्यासही तिला सर्वसाधारणपणे मुभा नसते. म्हणून तूट अर्थसंकल्पात न दिसता अन्यत्र दिसते. ठेकेदाराचे देयक थांबते, निवृत्तांची देणी थांबतात, रिक्त जागा भरल्या जात नाहीत, शाळेच्या दुरुस्तीची निविदा पुढील वर्षावर जाते आणि ग्रंथखरेदीची तरतूद अन्य सदराकडे वळविली जाते. अर्थसंकल्पाच्या पुस्तिकेत मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन रकाने असतात. पहिला रकाना सभागृहात वाचला जातो व त्यावर भाषणे होतात. तिसरा एक-दोन वर्षांनी छापला जातो आणि तो कोणी वाचत नाही. पाठचिकित्सेत पारंगत असलेल्या अभ्यासकाला हे सहज पटेल, की ग्रंथाच्या दोन प्रतींमध्ये जेथे पाठ बदलतो तेथेच संपादकाने थांबावयाचे असते. या पुस्तिकेतही पहिल्या व तिसऱ्या रकान्यांतील पाठभेदच बोलका असतो.

कात्री कोठे लागते याचाही एक क्रम आहे. वेतन थांबविले तर संप होतो, पाणी थांबविले तर मोर्चा येतो, कचरा थांबविला तर दुर्गंधी येते. वाचनालयात या वर्षी नवी पुस्तके आली नाहीत, तर काहीच होत नाही. ज्याने वाचावयास यावयाचे तो येत नाही, आणि न आलेल्या वाचकाची नोंद कोणत्याही हजेरीपटात नसते. तेलुगू वा कन्नड माध्यमाच्या शाळेतील शिक्षकाची जागा रिकामी राहिली, तर पुढील वर्षी पटसंख्या घटते. मग घटलेल्या पटसंख्येचे कारण दाखवून ती जागाच रद्द करणे सोपे जाते. तात्पुरती म्हणून केलेली काटकसर अशा रीतीने स्वतःचे समर्थन स्वतःच निर्माण करते.

हा अनुभव केवळ भारताचा नव्हे. १९७५ मध्ये न्यूयॉर्क नगरास बँकांनी कर्ज देण्याचे नाकारले आणि नगराचा व्यवहार राज्याने नेमलेल्या नियंत्रण मंडळाच्या हाती गेला. त्या नगराच्या सार्वजनिक विद्यापीठात १८४७ पासून चालत आलेले विनामूल्य शिक्षण १९७६ मध्ये बंद झाले. नगर पुढे सावरले, श्रीमंतही झाले; परंतु विद्यापीठाचे ते जुने सर्वांसाठी विनामूल्य असलेले रूप परत आले नाही. संकट जाते, कपात राहते. संकटकाळच्या निर्णयांचा धोका त्यांच्या कठोरपणात तितका नसतो, जितका तो त्यांच्या मुदतहीनतेत असतो.

ग्रंथालयांसाठी या धोक्याविरुद्ध एक भिंत उभारण्याचा प्रयत्न या देशात झाला आहे. शि. रा. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून १९४८ मध्ये मद्रास प्रांताचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसविण्याची पद्धत सुरू झाली. कर्नाटकाने १९६५ मध्ये व केरळने १९८९ मध्ये आपापल्या कायद्यांत तिचा स्वीकार केला. आज कर्नाटकात हा उपकर सहा टक्के तर केरळात पाच टक्के आहे. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात उपकर नाही. येथील वाचनालये राज्याच्या अनुदानावर अवलंबून आहेत. स्वतंत्र कायद्याचा पहिला मान मात्र १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने मिळविला होता. त्याही आधी, १९१० पासून, सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानात गावाने काही रक्कम जमविली की तितकीच प्रांत पंचायतीने व तितकीच सरकारने घालावयाची, अशी त्रिवर्गणीची पद्धत होती. या निरनिराळ्या पद्धतींत डावे-उजवे करावयाचे, तर संकटाच्या कसोटीवर करावे. केवळ अनुदानावर चालणारे वाचनालय राज्याच्या अडचणीबरोबर अडचणीत येते. उपकरावर चालणाऱ्या वाचनालयाचा पैसा मालमत्ता कराबरोबर येतो, म्हणजे तुलनेने स्थिर राहतो; परंतु तो नगरपालिकेच्या हातून जावयाचा असतो. उपकर नागरिकांकडून वसूल होतो, पण ग्रंथालयांच्या खात्यात वेळेवर वर्ग होत नाही, ही तक्रार दक्षिणेत जुनी आहे. वाचकाने पुस्तकासाठी दिलेला पैसा रस्त्याच्या खड्ड्यात जातो, आणि रस्ताही पुरता बुजत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. महामारीत रुग्णाला खाट मिळत नसताना पुस्तकांची चिंता करणे हे सुखवस्तूंचे लक्षण नव्हे काय? प्राण वाचविणे हे पहिले कर्तव्य होय, याविषयी दुमत असू शकत नाही. त्या काळात ग्रंथालयाची इमारत विलगीकरणासाठी वापरली गेली असेल, तर ती योग्य कामी आली असेच म्हणावयास हवे. परंतु या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे: वाचनालयाचे थांबलेले पैसे खरोखरच खाटेकडे जातात. प्रत्यक्षात संकटाच्या सावलीत अन्य हिशेबही उरकले जातात. मुंबई महानगरपालिकेच्या मुदत ठेवी २०२२ च्या सुमारास नव्वद हजार कोटी रुपयांच्या आसपास होत्या. त्याच वर्षी, महामारीची लाट ओसरली नसताना, पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्यात आला. या माफीने लहान घरांत राहणाऱ्या कुटुंबांना दिलासा मिळाला हे खरे. पण नगराच्या हाती उरलेल्या एकमेव मोठ्या कराचा पाया त्याने कायमचा आखूड झाला, हेही तितकेच खरे. त्यानंतर मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि कित्येक वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. ज्या काळात अर्थसंकल्पाच्या तिसऱ्या रकान्याविषयी प्रश्न विचारावयाचे, त्या काळात प्रश्न विचारणारेच नव्हते. तेव्हा प्रश्न खाट की पुस्तक असा मांडणे सोयीचे असले, तरी बरोबर नाही.

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये महानगरपालिकांच्या वित्तव्यवहारावर अहवाल प्रसिद्ध केला. देशाच्या एकूण उत्पादनाशी त्यांच्या उत्पन्नाचे प्रमाण दहा वर्षांहून अधिक काळ एक टक्क्याच्या आसपास रेंगाळले असल्याचे त्यात नमूद आहे. संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदातील व्यवसायकराची अडीच हजार रुपयांची वार्षिक मर्यादा १९८८ मध्ये ठरली, ती आजही तशीच आहे. केरळ व तमिळनाडूत हा कर स्थानिक संस्थांचा असल्याने त्यांचे नुकसान थेट होते. इतक्या तुटपुंज्या पायावर उभ्या असलेल्या संस्थांना संकटकाळी उदारतेचा उपदेश करणे व्यर्थ आहे. त्यांना नियम द्यावयास हवा.

तो नियम फार गुंतागुंतीचा असण्याचे कारण नाही. चांगल्या वर्षीच्या वाढीव उत्पन्नातून ठरावीक हिस्सा आपत्कालीन निधीत जावा आणि वसुली ठरावीक प्रमाणाखाली घसरली म्हणजेच तो उघडता यावा. ग्रंथालय उपकर वसूल होताच स्वतंत्र खात्यात जमा व्हावा, जेणेकरून तो वळविण्याचा मोह संस्थेस होणार नाही. संकटात केलेल्या प्रत्येक कपातीस मुदत असावी. मुदत संपताच ती तरतूद, सभागृहाने उघडपणे अन्यथा ठरविल्याखेरीज, पूर्ववत व्हावी. दर पाच वर्षांनी नेमावयाचे राज्य वित्त आयोग वेळेवर नेमले जावेत. आणि अर्थसंकल्पाची पुस्तिका नागरिकाला कळेल अशा भाषेत, मागील वर्षांच्या प्रत्यक्ष खर्चासह, मुदतीत प्रसिद्ध व्हावी. यांतील एकही सूचना क्रांतिकारक नाही. शेतसाऱ्याच्या तहकुबीस जो निकष शंभर वर्षांपूर्वी लावला गेला, तोच नगराच्या खर्चास लावावा, इतकेच हे मागणे आहे.

या कामी साहित्याच्या अभ्यासकांनी काय करावयाचे, असा प्रश्न उरतो. विद्यापीठांत वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावर परिसंवाद होतात, आणि दूरचित्रवाणी, चित्रपट, अलीकडे भ्रमणध्वनी यांना त्यात दोष दिला जातो. त्या परिसंवादात एखाद्या नगराच्या गेल्या पंधरा वर्षांतील ग्रंथखरेदीचे आकडे क्वचितच मांडले जातात. एखाद्या भाषेच्या ग्रंथव्यवहाराचा इतिहास लिहिताना प्रकाशकाची वही पाहिली जाते. तशी नगरपालिकेचीही वही पाहावी. जोतीरावांनी मत दिले तेव्हा एक हजार रुपयांचा प्रश्न होता आणि तो सभेपुढे उघडपणे आला होता, म्हणून त्याला विरोध तरी करता आला. आज तेवढ्या रकमा सुधारित अंदाजाच्या रकान्यात न बोलता बदलतात, आणि त्यांना विरोध करावयाचा तर आधी त्या वाचाव्या लागतील.